अवयव सापडण्याआधीच निकाल

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या परार्धाच्याही तीन स्थाने पुढे जाते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे ठेवण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर एकूण दाणे नेमके एवढे झाले असते.

ही मूळ संख्या असावी, असे पाहताक्षणी वाटते. ती विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०९ असल्याने ३ नेही भाग जात नाही. शिवाय ६७ हा घातांक मूळ आहे, मग संख्याही मूळच, असा समज असतो. तो चुकीचा आहे. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या संयुक्त असतेच. उलट बाजूने मात्र कसलीही हमी नाही. घातांक ११ घेतला की २०४७ येते, आणि २३ गुणिले ८९ म्हणजे २०४७. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनीही १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या यादीत ६७ घातला होता. त्या यादीत २५७ सुद्धा चुकला आणि ६१, ८९, १०७ राहून गेले.

दुसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे: ही संख्या मूळ नाही, हे फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये शोधले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसले, ही एरिक टेम्पल बेल यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. कोल यांनी अवयव शोधले, हे खरे आणि मोठेच काम. पण संख्या संयुक्त असल्याचे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्येच सिद्ध केले होते, तेही एकही अवयव हाती नसताना.

अवयवांशिवाय हे कसे कळते? ल्युकांच्या पद्धतीला डी. एच. लेहमर यांनी पुढे सोपे रूप दिले. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ५ घेऊन ३१ तपासू: ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी हीच कृती ६५ वेळा करावी लागते आणि शेवटी शून्य येत नाही. मात्र अवयव कोणते, याबद्दल ही कसोटी काहीच सांगत नाही. म्हणूनच १८७६ नंतरही कोल यांच्यासाठी काम उरले होते.

त्यांचे अवयव असे: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीने, म्हणजे इथे १३४ ने, भागले की बाकी १ उरते. कागद घ्या आणि दोन्ही भागाकार स्वतः करून पाहा.