सत्तर अंशांवर अडलेलं ब्रिस्केट

बैलाला कॉलरबोन नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलेच नसतात, स्नायूंनी धरून ठेवलेले असतात. जनावर उभं असताना त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर येतो आणि तो पेलायच्या कामात छातीचे दोन मोठे स्नायू जन्मभर राबतात. या दोन स्नायूंचा एकावर एक असलेला, मध्ये चरबीचा थर असलेला अखंड तुकडा म्हणजे ब्रिस्केट. खालचा पातळ, सपाट, बिनचरबीचा भाग तो फ्लॅट आणि वरचा जाड, चरबीने भरलेला तो पॉइंट. पूर्ण तुकडा साडेपाच-सहा किलोंचा भरतो. जितकं काम जास्त तितकं स्नायूभोवतीचं कोलॅजन जास्त, आणि तितकं मांस चिवट. तव्यावर भाजलंत तर हा तुकडा चावता येणार नाही. तोच बारा-चौदा तास लाकडाच्या धुरात ठेवला की हातात धरल्यावर लवतो आणि तोंडात विरतो. टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून मला या गोष्टीचं वेड लागलेलं आहे, ते अजून उतरलेलं नाही.

इतिहास थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरित आले. त्यांच्यातल्या खाटकांनी न विकलं गेलेलं मांस धुरात शिजवून दुकानाच्या मागच्या दाराने विकायला सुरुवात केली. कापूस वेचायला आलेले मजूर ते कागदावरच उभ्या उभ्या खात. खड्ड्यात निखाऱ्यांवर मांस भाजायची काळ्या आणि मेक्सिकन स्वयंपाक्यांची परंपराही याच मातीतली. लॉकहार्ट गावातलं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, तिथलंच ब्लॅक्स १९३२ सालचं, टेलर गावातलं लुई म्युलर १९४९ सालचं. ब्रिस्केटला आजचा मान मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर ते स्वस्तातलं, दुय्यम मांस होतं. ऑस्टिनमध्ये ॲरन फ्रँकलिन यांनी २००९ साली एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली आणि २०१५ साली त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. तेव्हापासून जगभरातून लोक या एका तुकड्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहतात.

लॉकहार्टची एक गोष्ट मात्र घाईत उरकणार नाही. १९९९ साली क्रॉइट्झ चालवणाऱ्या कुटुंबात वाटणी झाली. धंदा भावाकडे, जुनी इमारत बहिणीकडे. भावाने थोड्या अंतरावर नवीन दुकान बांधलं आणि जुन्या भट्टीतले धगधगते निखारे पत्र्याच्या टबात घालून भर रस्त्यातून ओढत नव्या भट्टीत नेले. दशकानुदशकं न विझलेला विस्तव असा घर बदलून गेला. जुन्या इमारतीत आता स्मिटीज आहे. तिथे मागच्या बाजूने आत शिरलं की विटांच्या भट्ट्यांच्या तोंडाशी जमिनीवरच लाकडं जळत असतात, आणि गिऱ्हाईक त्या जाळाशेजारूनच रांगेत पुढे सरकतं. भिंती काजळीने काळ्या झालेल्या. टेक्सासला कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी तिथे नेते, मग ऑस्टिनमधलं विधानभवन दाखवते. ज्या विधानमंडळाने लॉकहार्टला टेक्सासची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान्यता दिली, ते बघायला घाई कसली?

लेक्सिंग्टन या लहानशा गावातलं स्नोज फक्त शनिवारी उघडतं, सकाळी आठला. टूट्सी टोमानेट्झ या १९३५ साली जन्मलेल्या बाईंनी तिथली भट्टी सांभाळली. बाकीचे दिवस त्या शाळेत देखभालीचं काम करायच्या. २००८ साली ‘टेक्सास मंथली’ मासिकाने या दुकानाला राज्यात पहिला क्रमांक दिला आणि गाव नकाशावर आलं. टूट्सीबाईंना फावड्याने निखारे पसरताना मी पाहिलं आहे. हात भट्टीच्या झाकणाला लावून त्या आतली उष्णता जोखत होत्या. माझ्या मते या विद्येचं सगळं मर्म त्या हातात होतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या स्वयंपाकाची इतकी बारीक नोंद मराठीत दुसरी नाही. उन्हात वाळवून टिकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, ज्यांनी केल्या त्यांना जनावराचा कोणता भाग कसा वागतो हे पक्कं ठाऊक होतं. ज्यांच्या वाट्याला चांगला तुकडा येत नाही त्यांनाच उरलेल्या तुकड्यांचं शास्त्र कळतं, असं मला ते पुस्तक वाचताना आणि लॉकहार्टच्या भट्टीपाशी, दोन्हीकडे वाटलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हशीचं मांस तेवढं त्यातून बाहेर राहिलं. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे त्याच्या छातीच्या तुकड्याला कोरड्या धुरापेक्षा रस्साच चांगला, असं माझं मत आहे.

आता पहिल्यांदा करायच्या ब्रिस्केटकडे येते. दुकानातून अखंड तुकडा घ्यावा, नुसता फ्लॅट घेऊ नये. वरच्या चरबीवाचून तो कोरडा पडतो. अमेरिकेत मांसाची प्रत ठरवताना चरबीची जाळी बघतात. प्राइम सर्वांत वर, मग चॉइस, मग सिलेक्ट. पहिल्या खेपेला परवडत असेल तर प्राइम घ्यावं. तुकडा दोन हातांवर आडवा धरून बघावा, तो दोन्ही बाजूंना सैल लवला पाहिजे. घरी आणल्यावर फ्रिजमधून काढल्या काढल्या, चरबी घट्ट असतानाच छाटावा. वरची चरबी साधारण पाव इंच ठेवायची, कारण त्याहून जाड थर वितळत नाही आणि त्याखालच्या मांसापर्यंत मीठही पोचत नाही. दोन स्नायूंच्या मधली कडक, पांढरी गाठ काढून टाकायची. पातळ कोपरे गोल कापायचे, नाहीतर ते जळतात. छाटलेली चरबी टाकू नये. मंद आचेवर कढवली की तिचं उत्तम तूप निघतं.

मसाला म्हणजे जाडं मीठ आणि भरड कुटलेली मिरी, बस. मराठी माणसाचा हात इथे डब्याकडे जातोच. कांदालसूण मसाला लावून केलेलं ब्रिस्केट मी इथल्या एका स्नेह्यांकडे खाल्लं आहे आणि ते चविष्टही होतं. पण पहिल्या खेपेला नको. मांस, मीठ, मिरी आणि ओकचा धूर यांची चव एकदा नीट कळू द्यावी. मिरी मात्र बारीक पूड नको. भरड मिरीमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो, धूर त्यावर चांगला धरतो आणि बाहेरची ती काळी, खमंग साल तयार होते, जिला इथे बार्क म्हणतात.

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. जुन्या प्रोपेन टाकीचा स्मोकर त्यांनी स्वतः जोडलेला आहे. एका टोकाला फायरबॉक्स, दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळ एकीकडे आणि मांस दुसरीकडे. गरम हवा मांसावरून वाहत धुराड्यातून बाहेर पडते. लाकूड पोस्ट ओकचं, निदान सहा महिने वाळलेलं. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकडाला हवा कमी पडते आहे, आणि असल्या धुराने मांस कडू होतं. म्हणून मोठं लाकूड धुमसत ठेवण्यापेक्षा लहान पण स्वच्छ जाळ ठेवायचा आणि दर पाऊण तासाने एक ढलपी घालायची. आतली उष्णता १२० ते १३५ अंश सेल्सियस. ब्रिस्केट आत गेल्यावर पहिले तीन-चार तास झाकण उघडायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे आणि तो मीही पाळते.

पहिले तास सुखाचे असतात. मांसाच्या मधोमध खुपसलेल्या थर्मामीटरवर आकडा भराभर चढतो. मग तो ६८-७० अंशांवर येतो आणि थांबतो. एक तास, दोन तास, कधी चार-पाच तास तिथेच. जाळ तोच, हवा तितकीच गरम, तरी आकडा हलत नाही. इथले लोक याला स्टॉल म्हणतात. घरात जेवायला माणसं येणार असतात आणि पहिल्यांदा करणारा माणूस इथे हादरतो. माझ्या पहिल्या वेळी भल्या सकाळी आकडा अडला तेव्हा माझा नवरा लाकडं वाढवायला उठला होता. शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, कॉफीचा पेला हातात दिला आणि सांगितलं, “काही करू नका. त्याला घाम आलाय.”

हे वाक्य शब्दशः खरं आहे. पूर्वी समज असा होता की चरबी वितळण्यात किंवा कोलॅजन मोडण्यात ही सगळी उष्णता खर्च होते. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञांनी ते तपासायला एक सुंदर प्रयोग केला. पाण्याने भिजवलेला स्पंज आणि बैलाच्या चरबीचा गोळा, दोन्ही एकाच वेळी तापवले. चरबीत भरपूर चरबी आणि पाणी जवळजवळ नाही. स्पंजात पाणी भरपूर, चरबी नाही आणि कोलॅजनही नाही. चरबीचं तापमान अडखळल्याशिवाय चढत गेलं. अडला तो स्पंज, ब्रिस्केट अडतं तसाच. कारण बाष्पीभवन. मांसाच्या पृष्ठभागावर आतून पाणी येत राहतं आणि वाफ होऊन उडतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेच पाणी वाफ होऊन उडायला साडेपाचशेच्या आसपास. जाळ जितकी उष्णता आत ढकलतो तितकीच ही वाफ बाहेर नेते. उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने ब्रिस्केट सत्तर अंशांवर अडून बसतं. पृष्ठभाग वाळत आला, पाणी कमी पडायला लागलं की बाष्पीभवन मंदावतं आणि आकडा आपोआप पुन्हा चढायला लागतो.

हा प्रयोग मला इतका का आवडतो ते सांगते. त्यामुळे त्या अडलेल्या तासांची भीतीच जाते. ते तास वायाही जात नसतात. ६५ अंशांच्या पुढे स्नायूंचे धागे आक्रसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात. या टप्प्यावर ब्रिस्केट कापलं तर ते कोरडं आणि चामड्यासारखं लागतं. कोलॅजन मात्र सत्तर अंशांवर हळूहळू उकलायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. या बदलाला तापमान लागतं तसा वेळही लागतो, आणि तो वेळ स्टॉल मिळवून देतो. हेच जिलेटिन पुढे सुटलेल्या धाग्यांना ओलावा देतं. बाहेरची बार्क घट्ट होते तीही याच कोरड्या पडण्यातून.

घाई असेल तर या वेळी ब्रिस्केट गुंडाळतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलं तर बाष्पीभवन बंद होतं, आकडा झपाट्याने चढतो, पण बार्क भिजून मऊ पडते. मला गुलाबी बुचर पेपर पसंत आहे. तो चरबी शोषून घेतो, थोडी वाफ बाहेर सोडतो आणि बार्क राखतो. गुंडाळायचं ते बार्क नखाने खरवडून निघेनाशी झाली की. त्याआधी गुंडाळण्यात अर्थ नाही.

झालं कधी म्हणायचं? थर्मामीटरवर ९५ अंश, इथल्या भाषेत २०३ फॅरनहाइट, हा आकडा सगळे सांगतात. एखादं ब्रिस्केट ९२ वर तयार असतं, एखाद्याला ९७ लागतात. म्हणून आकडा नव्वदीत आला की बारीक सळई फ्लॅटच्या सर्वांत जाड भागात घालून बघायची. ती कुठेही न अडता आत गेली पाहिजे. जराशी ओढ लागली तर अजून अर्धा तास द्यायचा.

मग विसावा, आणि तो टाळायचा नाही. कागदात गुंडाळलेलं ब्रिस्केट प्रवासाच्या बर्फपेटीत, बर्फाऐवजी जुने टॉवेल भरून, निदान दोन तास ठेवावं. हळूहळू निवताना जिलेटिन दाटतं आणि कापल्यावर रस पाटावर वाहून जात नाही. माझं मत विचाराल तर घरी करणाऱ्यांची इतर सगळी मेहनत बरोबर असते, वेळ चोरला जातो तो इथे. दुकानांमध्ये कित्येक तास ६० ते ६५ अंशांवर ते नुसतं धरून ठेवतात.

कापताना लक्षात ठेवायचं की फ्लॅट आणि पॉइंट यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. आधी फ्लॅट धाग्यांना आडवा, पेन्सिलीच्या जाडीने कापायचा. पॉइंट सुरू झाला की तुकडा ९० अंशांत फिरवायचा आणि थोडे जाड काप काढायचे. कडेला सालीखाली गुलाबी कडं दिसेल. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटून ते होतं. त्याला चव नसते, पण दिसायला देखणं असतं. फ्लॅटचा एक काप बोटावर आडवा टाकून बघा. तो दोन्ही बाजूंना लवला पण तुटला नाही, आणि दोन्ही टोकं हलकेच ओढल्यावर सुटला, तर जमलं. ओढूनही सुटत नसेल तर कमी शिजलंय, बोटावरच मोडला तर जास्त. सहा किलोंतलं पाणी आणि चरबी जाऊन हातात साडेतीनच्या आसपास उरतं, तेव्हा आमंत्रणं त्या हिशेबाने करावीत. सोबत कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी आणि साधा पाव. उरलेलं अखंडच ठेवावं, लागेल तेव्हा कापावं. कापून ठेवलेले काप दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. आमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर, कढवलेल्या त्याच चरबीत परतून खातात.