कार्बनी प्रकाश-उत्सर्जक प्रयुक्तींतील इलेक्ट्रॉन अंतःक्षेपण द्रव्ये

कार्बनी अर्धसंवाहकांच्या साहाय्याने विद्युत् ऊर्जेचे सरळ प्रकाशात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीत ऋणाग्रातील इलेक्ट्रॉन कार्बनी थरात सुलभपणे शिरावेत म्हणून त्या दोहोंमध्ये जी द्रव्ये योजतात, त्यांना इलेक्ट्रॉन अंतःक्षेपण द्रव्ये म्हणतात. या द्रव्यांचा थर बहुधा काही नॅनोमीटरच (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) जाड असतो; तथापि प्रयुक्तीला लागणारा विद्युत् दाब, तिची कार्यक्षमता व तिचे आयुष्य ही पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असतात. भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संचांचे पडदे तयार करण्यासाठी या प्रयुक्ती मोठ्या प्रमाणावर वापरात आल्यामुळे या द्रव्यांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

मूलतत्त्व : प्रयुक्तीत सु. १०० नॅनोमीटर एकूण जाडीचे कार्बनी थर दोन विद्युत् अग्रांमध्ये बसविलेले असतात. धनाग्र सामान्यतः इंडियम-कथिल ऑक्साइडाचे असून ते पारदर्शक असते. धनाग्रापासून पोकळ्या (इलेक्ट्रॉनांच्या अभावामुळे निर्माण होणारे धन विद्युत् भारवाहक) व ऋणाग्रापासून इलेक्ट्रॉन आत शिरतात. मधल्या थरात त्यांचा संयोग होऊन रेणू उत्तेजित होतात व मूळ अवस्थेत परतताना प्रकाश बाहेर टाकतात.

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेस त्या धातूचे कार्यफलन म्हणतात. ॲल्युमिनियमाचे कार्यफलन सु. ४·३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. याउलट ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन व ॲल्युमिनियम यांच्या सुपरिचित जटिल संयुगात इलेक्ट्रॉन स्वीकारणारी ऊर्जा पातळी निर्वात पातळीच्या खाली सु. ३ इलेक्ट्रॉन व्होल्टवर असते. स्थूलमानाने पाहता या दोहोंतील फरकाइतका, म्हणजे १ इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक उंचीचा रोध इलेक्ट्रॉनांना ओलांडावा लागतो. सामान्य तापमानास उपलब्ध असणारी औष्णिक ऊर्जा केवळ सु. ०·०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने हा रोध फार मोठा ठरतो. विद्युत् दाब वाढविल्यास रोध अरुंद होतो व पुंज यामिकीतील बोगदा परिणामाने काही इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. पण त्यासाठी ऊर्जा वाया जाते व प्रयुक्ती तापते.

या अडचणीत आणखी एकीची भर पडते. नेहमीच्या कार्बनी द्रव्यांत पोकळ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा पुष्कळ वेगाने सरकतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा तुटवडा पडतो, जोडीदार न मिळालेल्या पोकळ्या प्रकाश न देता वाहून जातात आणि कार्यक्षमता घटते. वरील जटिल संयुगात शिरलेल्या जादा पोकळ्यांमुळे त्याचे रेणूच अस्थिर होतात, असे एच. अझीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले. म्हणजेच इलेक्ट्रॉनांचा पुरवठा अपुरा असल्यास प्रकाश तर कमी मिळतोच, शिवाय प्रयुक्तीचे आयुष्यही घटते.

धातूंचे ऋणाग्र : मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रॅसिनाच्या स्फटिकातून विद्युत् प्रवाहाने प्रकाश मिळविला, मात्र त्यासाठी शेकडो व्होल्ट विद्युत् दाब लागला. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील सी. डब्ल्यू. टँग व एस. ए. व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये पातळ पटलांची द्विस्तरी प्रयुक्ती प्रसिद्ध केली. तीत मॅग्नेशियम व चांदी यांच्या मिश्रणाचे ऋणाग्र वापरले होते. मॅग्नेशियमाचे कार्यफलन कमी (सु. ३·७ इलेक्ट्रॉन व्होल्ट) असून चांदीमुळे पटल कार्बनी थरावर नीट बसते व अधिक टिकते. १० व्होल्टपेक्षा कमी दाबाने प्रति चौ. मी. १,००० कँडेलाहून जास्त दीप्ती मिळाल्याने या क्षेत्रातील आधुनिक संशोधनास चालना मिळाली. केंब्रिज येथे १९९० मध्ये बहुवारिकांपासून अशी प्रयुक्ती तयार झाल्यावर पुढे तिच्यात कॅल्शियमाचे ऋणाग्र वापरून कार्यक्षमता बरीच वाढविण्यात आली.

येथे एक मूलभूत विरोध दिसून येतो. ज्या धातूचे कार्यफलन कमी, तो इलेक्ट्रॉन सहज देतो. पण त्याच कारणाने तो हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांनाही इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. ऋणाग्रातील सूक्ष्म छिद्रांतून बाष्प आत शिरल्यास धातू व कार्बनी थर यांच्या सीमेचे ऑक्सिडीकरण होते, तेथे अंतःक्षेपण थांबते आणि पडद्यावर वाढत जाणारे काळे ठिपके दिसू लागतात. प्रयुक्ती टिकण्यासाठी तिच्या आवरणातून दर दिवशी प्रति चौ. मी. ग्रॅमच्या दहा लाखांशाहून अधिक बाष्प जाता कामा नये, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यामुळे धातू स्थिर ठेवून अंतःक्षेपणाचे काम वेगळ्या थरावर सोपविणे हे पुढील संशोधनाचे सूत्र ठरले.

क्षारीय संयुगांचे अतिपातळ थर : एल. एस. हंग, टँग व एम. जी. मेसन यांनी १९९७ मध्ये ॲल्युमिनियमाच्या ऋणाग्राखाली लिथियम फ्ल्युओराइडाचा सु. १ नॅनोमीटर वा त्याहून पातळ थर दिला. हे संयुग निरोधक असूनही त्यामुळे लागणारा विद्युत् दाब कमी झाला. याचे स्पष्टीकरण असे की, निर्वातात ॲल्युमिनियमाचा बाष्पलेप देताना कार्बनी रेणूंच्या उपस्थितीत विक्रिया होऊन लिथियम मुक्त होते व ते लगतच्या रेणूंना इलेक्ट्रॉन देते. शिवाय सीमेवरील विद्युत् द्विध्रुवांमुळे रोधाची उंची कमी होते. थर काही नॅनोमीटरपेक्षा जाड झाल्यास मात्र त्याचा निरोधक गुणधर्म प्रभावी होऊन विद्युत् प्रवाह अडतो. सिझियम कार्बोनेटासारखी संयुगेही याच कामासाठी वापरतात. लिथियम व ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन यांचे संयुग थराच्या जाडीतील फरक अधिक सहन करते. ते इलेक्ट्रॉनवाहक द्रव्यात मिसळूनही वापरतात.

धातुमिश्रित कार्बनी थर : जपानमधील जे. किडो व टी. मात्सुमोतो यांनी १९९८ मध्ये ऋणाग्रालगतच्या कार्बनी थरातच लिथियम मिसळले. लिथियमाने दिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे थराची संवाहकता वाढते व रोध इतका अरुंद होतो की, इलेक्ट्रॉन तो सहज पार करतात. मात्र लिथियमाचे आयन लहान असल्याने ते प्रकाश देणाऱ्या थरापर्यंत सरकल्यास दीप्ती मंदावते. सिझियमाचे आयन मोठे असल्याने ते कमी सरकतात, पण तो धातू हवेत अतिशय क्रियाशील असतो.

अलीकडील प्रगती : अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०१२ मध्ये अमाइन गट असलेल्या बहुवारिकाचा अतिपातळ लेप देऊन निरनिराळ्या संवाहकांचे कार्यफलन सु. १ इलेक्ट्रॉन व्होल्टने कमी करता येते, असे दाखविले. हा लेप विद्रावापासून देता येतो व हवेत टिकतो. चीनमधील छिंगह्वा विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये चांदीचा उपयोग केला. फेनँथ्रोलिन वर्गातील संयुगांचे नायट्रोजन अणू चांदीच्या आयनाशी घट्ट बंध तयार करतात व त्यामुळे एरवी स्थिर असणारी चांदीही इलेक्ट्रॉन सहज देऊ लागते. ऋणाग्र तळाशी असणाऱ्या उलट्या रचनेत झिंक ऑक्साइडासारखी हवेत टिकणारी ऑक्साइडे वापरतात. प्लॅस्टिकच्या लवचिक आधारावरील पडद्यांसाठी ही रचना सोयीची आहे, कारण प्लॅस्टिकमधून बाष्प काचेपेक्षा सहज आत येते.

उत्तम अंतःक्षेपण द्रव्याने रोध कमी करावा, लगतच्या थरांत सरकू नये, दृश्य प्रकाश शोषू नये, मोठ्या क्षेत्रावर एकसारखे पसरावे आणि हवेत टिकावे, अशी अपेक्षा असते. या सर्व अटी एकाच द्रव्यात क्वचितच पूर्ण होतात. म्हणून प्रयुक्तीची रचना, तिचा उपयोग व उत्पादन पद्धती यांनुसार द्रव्याची निवड करावी लागते.