रागाची विचारपूस

काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर हे मनुष्याचे सहा शत्रु होत, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांपैकीं क्रोधाची ओळख सर्वांत आधीं होते. तान्ह्या मुलास मद-मत्सर ठाऊक नसतात. पण हातांतलें खेळणें काढून घेतलें कीं तें लालबुंद होऊन आक्रोश करतें. पुढें वडील माणसें त्यास ‘रागावूं नको’ असें सांगतात, आणि तें हळूहळू राग गिळण्यास शिकतें. परंतु गिळलेला राग नाहींसा होतो काय? आणि तो कशासाठीं आला होता, हें कोणीं कधीं विचारलें काय? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, राग हा शत्रु असला तरी तो आपल्याच मनांतील बातमी घेऊन येतो. त्याच्या हातीं घरचा कारभार देऊं नये, हें खरें. पण बातमी ऐकून न घेतां त्यास हांकलून देणें हेंहि शहाणपणाचें नव्हे.

प्रथम, रागाच्या वेळीं शरीरांत काय घडतें तें पाहूं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यापक वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून वेदना, भूक, भय व क्रोध यांमुळें शरीरांत होणारे फेरफार वर्णन केले. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथि असते. तिच्यांतून अ‍ॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो. त्यासरशी काळीज धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, यकृतांत सांठविलेली साखर रक्तांत उतरते, आणि पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, भय व क्रोध या दोहोंत ही तयारी बहुतांशीं सारखीच असते. पळावयाचें असो वा लढावयाचें असो, शरीर जवळजवळ एकाच रीतीनें कंबर कसतें. मग या दोन भावनांची मनांत गल्लत व्हावी, यांत नवल तें काय? पुष्कळदां आपण ज्यास राग म्हणतों, ती वेष पालटून आलेली भीतिच असते.

एक उदाहरण घेऊं. उद्यां गणिताचा पेपर आहे आणि मोठ्या भावाचा अभ्यास झालेला नाहीं. धाकट्यानें न विचारतां त्याची पट्टी उचलली, एवढ्यावरून मोठा त्याच्या अंगावर धांवून जातो. पट्टी तर रोजच उचलली जाते. मग आजच एवढा संताप कां? पट्टी हें निमित्त झालें. खरें कारण उद्यांचा पेपर. आतां वडिलांकडे वळूं. मुलाचें प्रगतिपुस्तक हातीं येतें, दोन विषयांखालीं लाल रेघ दिसते, आणि त्यांचा आवाज चढतो. शेजाऱ्यांस वाटतें, काय हा कोपिष्ट गृहस्थ! परंतु त्यांच्या मनांत डोकावून पाहिलें तर या मुलाचें पुढें कसें होईल, ही काळजी तेथें ठाण मांडून बसलेली आढळेल. मुलास मात्र काळजी ऐकूं येत नाहीं. केवळ आवाज ऐकूं येतो. तो समजतो, बाबांस आपण नकोसे झालों. अशा रीतीनें एका घरांत दोन भ्यालेले जीव एकमेकांवर रागावलेले असतात, आणि आपण भ्यालों आहों याची जाणीव दोघांसहि नसते.

भीतीप्रमाणेंच दुसऱ्याहि भावना रागाचें पांघरूण घेतात. वर्गांत उत्तर चुकलें व कोणी हंसलें, कीं हंसणाऱ्याचा राग येतो. त्याच्या तळाशीं लाज असते. मैत्रिणीस बक्षीस मिळाल्यापासून तिचें साधें बोलणेंहि टोंचूं लागलें, तर तेथें मत्सर समजावा. दुपारचें जेवण चुकलें म्हणजे आईची हांकहि सहन होत नाहीं. तेथें तर केवळ भूक असते. ज्यानें ही तळाची भावना ओळखली, त्यास स्वतःविषयीं असें कांहीं कळलें कीं जें कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. आपणांस कशाची लाज वाटते, कशाची धास्ती वाटते, कोणाच्या बरोबरीचें व्हावेंसें वाटतें, हें सारें राग न विचारतां सांगून टाकतो.

परंतु प्रत्येक राग असा वेषांतर केलेला नसतो. कांहीं राग अन्याय पाहून येतो, आणि तोहि बातमी आणतो. या ठिकाणीं जोतीराव फुले यांचें चरित्र आठवतें. त्यांचें इंग्रजी शिक्षण पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें. १८४८ सालीं ते एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत गेले असतां, खालच्या मानलेल्या जातीचा तरुण आपल्या बरोबरीनें चालतो म्हणून कांहीं मंडळींनीं त्यांचा अपमान केला, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. त्या वेळीं जोतीराव सुमारें एकवीस वर्षांचे होते. त्या वयांत असा घाव विसरणें सोपें नसतें. पण त्यांची दृष्टि अपमान करणाऱ्या चार माणसांवर खिळून राहिली नाहीं. अशी रीत ज्या समाजांत चालते, त्या समाजाकडे ती वळली. त्याच वर्षीं पुण्यांतील बुधवार पेठेंत, भिडे यांच्या वाड्यांत, त्यांनीं मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. ज्या मुली त्या शाळेंत पाटी घेऊन बसल्या, त्यांचा त्या वरातीशीं कांहींएक संबंध नव्हता. स्वतःच्या जखमेवरून दुसऱ्याची जखम ओळखतां येणें, हें रागाचें उत्तम फळ होय, असें आम्हांस वाटतें.

आतां हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखावे? आम्ही विद्यार्थ्यांस एक साधी कसोटी सुचवितों. राग आला असतां स्वतःस विचारावें : हेंच दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतींत घडलें असतें, तर मला राग आला असता काय? उत्तर ‘होय’ असेल, तर त्या रागांत न्यायाचा अंश आहे. शिक्षकांकडे किंवा वडील माणसांकडे जाऊन तें शांतपणें बोलून दाखवावें. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर आपल्या भीतीचा, लाजेचा किंवा अभिमानाचा शोध घ्यावा.

ही विचारपूस राग भरांत असतां होत नाहीं. त्यासाठीं थोडा वेळ जाऊं द्यावा लागतो. उशी बडवावी, भांडीं आपटावीं, म्हणजे राग निघून जातो, असें कित्येक म्हणतात. हा समज तपासून पाहण्यांत आला आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनीं ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत विद्यार्थ्यांस आधीं मुद्दाम राग आणविला. मग कांहींनीं, ज्याचा राग आला त्याचें चिंतन करीत, टांगलेल्या थैलीवर ठोसे मारले. कांहीं नुसतेच बसून राहिले. ठोसे मारीत चिंतन करणाऱ्यांचाच राग अधिक राहिला. याउलट, भावनेस शब्द देण्याचा उपाय गुणकारी दिसतो. मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं असें दाखविलें कीं, चित्रांतील चेहऱ्यावरील भावनेस नांव देतांना मेंदूंतील अमिग्डला नांवाच्या, धोक्याचा इशारा देणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. ‘मला राग आला आहे, आणि त्याच्या खालीं मला भीति वाटते आहे’ एवढें वाक्य वहींत लिहिणें, हें वाटतें तितकें क्षुल्लक काम नाहीं.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यांत तो स्वतःचा परिपाठ सांगतो : रात्रीं दिवा दूर केल्यावर तो आपल्या सबंध दिवसाची तपासणी करी, आणि स्वतःपासून कांहींहि लपवून ठेवीत नसे. आमच्या विद्यार्थ्यांनीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें असें करून पाहावें. आज राग केव्हां आला, कोणास काय बोललों, आणि खरें कशास धक्का लागला होता, एवढेच तीन प्रश्न पुरेत.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमागील परंपरागत कथा आपणांस ठाऊक आहेच. लोकांनीं केलेल्या निंदेनें व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आंत बसले, तेव्हां त्यांच्या धाकट्या बहिणीनें ताटी मोडली नाहीं कीं त्यांस दोषहि दिला नाहीं. ती बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालीत राहिली. त्यांचें थोरपण तिनें त्यांस आठवून दिलें. आपलें मूलहि कधीं रागानें दार लावून बसतें. त्या वेळीं दार ठोठावून ‘हा कसला राग?’ असें दरडावण्याऐवजीं, थोड्या वेळानें ‘काय झालें बाळ?’ असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. प्रगतिपुस्तक पाहून स्वतःस राग आला, तर ‘मला तुझी काळजी वाटते’ हें खरें वाक्य आधीं बोलावें. वडील माणसें आपल्या रागाची विचारपूस करतात असें मुलांस दिसलें, म्हणजे तीं ती न शिकवितां शिकतील. आणि पुढें आपल्या मनाचें दार आंतून उघडणें त्यांस जड जाणार नाहीं.