गोलकीपर ऊसतोडीला गेला

परवा संध्याकाळी आमचा नववीतला मुलगा शाळेतून आला तो तडक न्हाणीघरात शिरला आणि कडी लावून बसला. बाहेरून मी हाका मारतेय, आत नुसता नळ चालू. फुटबॉलचा सामना चार गोलांनी हरले होते. दार उघडल्यावर मी, शहाणी, काय म्हणावं? "तरी सांगत होते, गणिताची वही काढ म्हणून!"

बोलून गेले आणि रात्रभर तेच मला टोचत राहिलं.

आमच्या नेकनूरला फुटबॉल म्हणजे तसं नवलच. इथली पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळणारी. फुटबॉलचं वेड पाहावं ते कोल्हापुरात, तिथं पेठांतल्या तालमींचे संघ आहेत. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव होता. त्या स्पर्धेआधी, 15 सप्टेंबरला, राज्यभरच्या शाळांतून मुलांना फुटबॉल खेळवला होता.

सासूबाई म्हणतात, "दहावी तोंडावर आली, आता बंद करा ते चेंडू लाथाडणं." हेही त्यांच्याच बाजूचे. मी आठवड्यातले चार दिवस शाळेत शिकवते, तेव्हा या वयाची मुलं रोज बघते. आवाज फुटलेला, हातपाय लांबलेले, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याला कारणही आहे. भावना उसळवणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो, पण आवर घालणारा कपाळामागचा भाग विशी उलटली तरी पक्का होतच असतो. घरात आपण या रागाला "उद्धटपणा" म्हणतो. मैदानावर पंचाची शिट्टी वाजली की तोच राग गिळावा लागतो, नाहीतर पिवळं कार्ड! आणि चेंडू दुसऱ्याला दिल्याशिवाय गोल होत नाही, हे कुणी व्याख्यान देऊन शिकवत नाही.

नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यांच्या हाती खरा चेंडू दिला. 'झुंड' सिनेमा त्यांच्यावरूनच निघाला. मुलं खेळात असेपर्यंत बाकीच्या भानगडींपासून लांब राहतात, हे त्यांनी हेरलं होतं.

अर्थात फुटबॉल म्हणजे काही रामबाण नव्हे. सांघिक खेळ खेळणारी मुलं कमी उदास असतात, असं पुष्कळ पाहण्यांत दिसलंय; पण मुळात आनंदी असलेली मुलंच मैदानावर जास्त जातात की काय, कोण जाणे. शिवाय वर्षभर कडेलाच बसवलेल्या मुलाच्या मनाला काय वाटत असेल? एका सामन्यात एक मास्तर अशाच मुलाला सगळ्यांदेखत "ओझं" म्हणाले. त्याच्या आईच्या जागी मी असते तर तिथंच बोलले असते.

आता त्या रात्रीचं सांगते. जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "आई, गोल माझ्यामुळं नाही झाले. आपला गोलकीपर गेला ना."

कळलं. दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यात हा पोरगाही आईबापांबरोबर कारखान्यावर गेला होता. जाताना हातमोजे माझ्या मुलाकडं ठेवून गेला. मला वाटत होतं पोरगा हरल्याचं रडतोय. तो मित्रासाठी रडत होता, आणि मी गणिताची वही काढत होते!

आता तो आला की मी आधी पाणी देते, मग गूळ-शेंगदाणे. सामन्याचं मी विचारतच नाही. दोन घास पोटात गेले की तो आपणहून बोलायला लागतो. काल तर सासूबाईच विचारत होत्या, "तो मोज्यांवाला पोरगा कधी रे येणार?"

"पाडव्याच्या आसपास," तो म्हणाला. मोजे त्यानं धुऊन गच्चीवर वाळत घातले होते.