विद्यार्थ्यांचा दवाखाना

पवईच्या आयआयटी मुंबईला (स्थापना १९५८) संकुलातच स्वतःचे रुग्णालय आहे. अशा दवाखान्यात ओळखपत्रावर केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात आणि गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देतात. उपनगरांतल्या बहुतेक महाविद्यालयांत मात्र ही सोय नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना आधार महापालिकेचा: अंधेरीला जवळचे विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीकरांना कांदिवलीचे शताब्दी, मुलुंड पूर्वेला सावरकर रुग्णालय.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) यांची सुरुवात साध्या तापासारखीच होते, त्यामुळे वसतिगृहात गोळी घेऊन पडून राहणे घातक ठरते. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टोचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने २४ ते ७२ तासांत सुरू करावे लागते. पायाला जखम असेल तर धोका अधिक. जुने आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची नोंद पहिल्याच भेटीत करून घ्यावी.

मनाचा त्रासही दवाखान्यात सांगण्यासारखाच आजार आहे. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते, रुग्णवाहिकेसाठी १०८.