डुकराची ढास: समज आणि वस्तुस्थिती

‘डुक्कर घाणीत लोळणारं जनावर, त्याला काय होतंय?’ वराहपालन नव्याने सुरू करणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. पण बंदिस्त वराहपालनाचं मोठं नुकसान करणाऱ्या आजारांमध्ये श्वसनाचे आजार अगदी पुढे आहेत, आणि घाण त्यांना खतपाणीच घालते. साचलेल्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. हवेतलं त्याचं प्रमाण 25 पीपीएमच्या आसपास गेलं की श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावतं. आत शिरलेली धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस या अस्तरावरच असतात. म्हणून थंडी बाधते या समजुतीने हिवाळ्यात पोती लावून शेड गच्च बंद करणं पिल्लांच्या जिवावर येतं. अंगावर गार झोत येऊ नये हे खरं; पण कोंडलेली हवा वरच्या बाजूने बाहेर पडलीच पाहिजे.

‘खातंय-पितंय, म्हणजे ठणठणीत आहे’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा जंतू नेमके तेच सूक्ष्म केस निकामी करतो. सकाळी डुकरं उठवली, थोडी पळवली, की त्यांतली काही थांबतात, पाठीची कमान करतात, मान खाली घालतात आणि कोरड्या ढासेने खोकत राहतात. ताप बहुधा नसतो, चारा चालू असतो, मरही फारशी नसते. फक्त वजन रेंगाळतं आणि एकाच वयाच्या कळपात लहानमोठी जनावरं दिसू लागतात. संसर्गापासून खोकला दिसेपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे जातात. त्यामुळे परवाच्या पावसाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

मग दुकानातून पेनिसिलिन आणून टोचलं जातं. हे औषध जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाही, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसतेच. म्हणजे पैसे गेले, दिवस गेले, आणि इतर जंतूंना त्या औषधाला दाद न देण्याची सवय लागली. मला यात सर्वाधिक खटकतं ते हे की, आजार ओळखण्याआधीच औषध ठरलेलं असतं.

मायकोप्लाझ्माच्या अगदी उलट वागणारा आजार ॲक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्यूमोनीचा. संध्याकाळी धडधाकट दिसलेलं डुक्कर सकाळी मेलेलं आढळतं, नाकातोंडाशी रक्ताळ फेस असतो. अशा वेळी विषबाधेचा संशय येणं स्वाभाविक आहे. पण पशुवैद्यकाने फुफ्फुस पाहिल्यावर बरंच उलगडतं. मायकोप्लाझ्मामध्ये फुफ्फुसाचे पुढचे, खालचे भाग जांभळट-करडे आणि घट्ट होतात. ॲक्टिनोबॅसिलसमध्ये बहुधा मागचा, वरचा भाग रक्ताळून कडक होतो आणि फुफ्फुस बरगड्यांना चिकटतं. यकृतावर पांढरे डाग दिसले तर खोकल्यामागे जंतांच्या अळ्या असू शकतात. पोटातल्या गोल जंताच्या अळ्या यकृतातून फुफ्फुसात जातात. मोकाट फिरणाऱ्या डुकरांना फुफ्फुसातले जंतही होतात, आणि ते गांडुळं खाल्ल्याने होतात.

पीआरआरएस हा विषाणूजन्य आजार भारतात 2013 मध्ये मिझोरममध्ये पहिल्यांदा आढळला. त्याचा विषाणू फुफ्फुसातल्या पहारेकरी पेशींनाच मारतो, मग बाकीच्या जंतूंना वाट मोकळी होते. माद्या गाभडत असतील आणि त्याच वेळी पिल्लांना धाप लागत असेल, तर दोन्ही गोष्टी पशुवैद्यकाला एकत्रच सांगायला हव्यात.

‘रिपोर्टमध्ये जंतू सापडला, म्हणजे तोच गुन्हेगार’ असंही नाही. पाश्चुरेला हा जिवाणू निरोगी डुकराच्या नाकातही असतो. पिल्लाच्या रक्तातली प्रतिपिंडं आईच्या चिकातून किंवा लसीतून आलेली असू शकतात. शिवाय बहुतेक कळपांत विषाणू, जिवाणू आणि वाईट हवा एकत्रच काम करतात. उन्हाळ्यात तर धापेवरूनही फसगत होते: डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे ते उष्म्यानेही धापा टाकतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान बघावं. साधारण 39 अंश सेल्सिअस त्याला नेहमीचंच असतं. मात्र उष्माघातातही ते चढतं, म्हणून सावलीत, पाणी मारून, पुन्हा मोजावं.

आणि स्वाइन फ्लू. ऑगस्ट 2009 मध्ये या साथीचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नावामुळे डुकराचं मांस बदनाम झालं. तो विषाणू डुकरांमधल्या फ्लूच्या विषाणूंपासूनच तयार झाला होता. पण साथ पसरली ती माणसाच्या खोकल्याशिंकांतून. नीट शिजवलेल्या मांसातून हा आजार होत नाही. उलट माणसांनीच तो अनेक ठिकाणी डुकरांना दिला. म्हणून ताप-सर्दी असलेल्या कामगाराने शेडमध्ये जाऊ नये.

निदानासाठी प्रत्येक डुक्कर धरून रक्त काढावंच लागतं असं नाही. कप्प्यात स्वच्छ सुती दोर त्यांच्या खांद्याच्या उंचीवर टांगला की कुतूहलाने ती तो चघळतात. वीस-तीस मिनिटांनी दोर पिळून निघालेल्या लाळेवर पीसीआर चाचणी करता येते आणि पूर्ण कप्प्याचा अंदाज येतो. नमुने नुकत्याच आजारी पडलेल्या, औषध न टोचलेल्या जनावरांचे द्यावेत. जुनाट, खंगलेल्या डुकरात मूळ जंतू सापडेलच असं नाही.

मेलेलं डुक्कर मात्र स्वतः कापू नये. तीव्र ताप, लालजांभळे कान आणि भराभर मर असेल तर तो आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो. 2020 पासून तो भारतात आहे, आणि रक्तातून त्याचा विषाणू सगळीकडे पसरतो. दवाखान्याला कळवावं. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवायचे की नाही, ते पशुवैद्यक ठरवतील. तोवर शेडमधून एकही जनावर विकू नये.