तिनोसच्या चर्चमधली चांदीची जहाजं

“चर्च आणि समुद्रकिनारा, त्यात आपलं काय काम?” सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. लेकीचे अब्बा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहेत. मे महिन्यात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी ग्रीसच्या पिरियस बंदराजवळच्या गोदीत लागलं. माझ्या शाळेला सुट्टी होतीच, म्हणून आम्ही मायलेकी तिकडे गेलो. त्यांना दोन दिवसांची रजा मिळाली आणि त्यांच्या ग्रीक सहकाऱ्याने सुचवलं, “तिनोसला जा. दर्यावर्दी माणसाच्या बायकोने ते बेट पाहायलाच हवं.”

पिरियसहून बोटीने चार-पाच तास लागतात. बंदरात उतरलं की एक सरळ चढाचा रस्ता टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चकडे जातो. त्याच्या कडेने गालिच्याची लांब पट्टी अंथरलेली असते. लेकीने विचारलं, “हा कशाला?” तेवढ्यात समोरच उत्तर दिसलं. साधारण माझ्याच वयाची एक बाई गुडघ्यांवर आणि तळहातांवर रांगत वर चालली होती. तिच्या बाजूने एक तरुण मुलगा पाण्याची बाटली घेऊन सावकाश चालत होता. रस्त्यावरची माणसं आपापल्या कामात होती. कुणी थांबून बघत नव्हतं, की मोबाईल काढत नव्हतं. लेकीचा हात खिशाकडे गेला तेव्हा मी नुसती मान हलवली.

चर्चचं नाव पानागिया एव्हांगेलिस्त्रिया. एव्हांगेलिस्त्रिया म्हणजे जिला शुभवार्ता मिळाली ती. आपल्या शब्दांत सांगायचं तर बशारत. फरिश्त्यांनी हजरत मरियम (अलैहिस्सलाम) यांना दिलेली बशारत आपण सूरह आल-इम्रानमध्ये वाचतो. कुरआनात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. फरक कुठे सुरू होतो ते आपल्याला ठाऊक आहे, पण हे नाव काही मला परकं नव्हतं.

1822 मध्ये पेलागिया नावाच्या जोगिणीला स्वप्नात दृष्टान्त झाला, त्यावरून शेत खणलं आणि 30 जानेवारी 1823 रोजी जमिनीतून मरियमची तसबीर सापडली, असं तिथले लोक मानतात. तो काळ ग्रीकांच्या उस्मानी सत्तेविरुद्धच्या बंडाचा होता, त्यामुळे नव्या देशाने या तसबिरीला आपला शुभशकुन मानलं. आमच्या घरमालकिणीने माझ्या हिजाबकडे बघून विचारलं, “तुर्किया?” मी म्हटलं, “इंडिया.” तिचा चेहरा खुलला. तेवढ्या एका प्रश्नात किती इतिहास होता, ते मला चर्च पाहून आल्यावर कळलं.

आत धूप, मेणबत्त्या आणि डोक्यावर टांगलेले शेकडो दिवे. तसबीर दागिन्यांनी इतकी मढलेली की चित्र जवळजवळ दिसतच नाही. आम्ही बाजूला उभ्या राहिलो. लेक कानात कुजबुजली, “अम्मी, हे शिर्क नाही का?” मी तिला हळूच म्हटलं की आपण मागतो ते फक्त अल्लाहकडे, पण इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना वाईट बोलू नका, हा हुकूमही त्याचाच आहे, सूरह अनआममध्ये. खरं तर दर्ग्यावर धागे बांधणाऱ्या बायकांवर घरी तावातावाने बोलणारी मीच. तिथे तोंडातून तसलं काही निघालं नाही.

मग मी वर पाहिलं. छतापासून चांदीच्या लहान लहान वस्तू लोंबत होत्या: हात, पाय, पाळणे, आणि जहाजं. बरीच जहाजं. आंधळ्या माणसाने नवस केला की दृष्टी आली तर जे पहिलं दिसेल ते चांदीत घडवून देईन. त्याला संत्र्याचं झाड दिसलं, म्हणून तिथे चांदीचं संत्र्याचं झाड आहे. आणि एका जहाजाच्या तळाला मासा चिकटलेला आहे. वादळात जहाजाला भोक पडलं, खलाशांनी धावा केला आणि एक मासा त्या भोकात अडकून बसला, अशी त्याची गोष्ट सांगतात.

माझे पाय तिथेच थबकले. गेल्या पावसाळ्यात यांच्या जहाजाशी सव्वा दिवस संपर्क तुटला होता. त्या रात्री मुसल्यावर बसून मी मन्नत मानली होती: सुखरूप आले तर दहा रोजे ठेवीन. ते आले. सात रोजे झाले आणि तीन राहिले, कधी परीक्षा, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. बाहेर ती बाई अजून रांगत होती.

चर्चखालच्या दालनात ‘एल्ली’ या युद्धनौकेचं स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1940 रोजी, मरियमच्या मोठ्या सणाच्या दिवशी, बंदरात उभ्या असलेल्या या नौकेवर इटलीच्या पाणबुडीने टॉर्पेडो डागला. तेव्हा दोन्ही देशांत युद्ध सुरूही झालं नव्हतं. लेकीचे अब्बा तिथे बराच वेळ गप्प उभे होते.

जायचं असेल तर त्या सणाच्या दिवसांत जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत, लोक चर्चच्या अंगणात झोपतात. मेमध्ये सगळं निवांत असतं. खाण्याची चिंता फारशी नाही: मासे, भाज्या आणि त्या दिवसांत तिथले ताजे आर्टिचोक. फ्रूतालिया नावाचं बटाट्याचं आम्लेट मिळतं, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी आगिओस फोकासच्या किनाऱ्यावर गेलो. लांबलचक, जवळजवळ रिकामा. मला आधी धास्ती होती की बिकिनीवाल्या गर्दीत आपण पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत कसं बसायचं? शेजारी येऊन बसली ती काळ्या कपड्यांतली, डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी. तिने पायमोजे काढले, पाय पाण्यात सोडले, माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं, मग आपल्या रुमालाकडे, आणि खुदकन हसली. लेक ढोपरापर्यंत पाण्यात शिरली होती.

जोहरची वेळ झाली. घरी रत्नागिरीला किबला पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे. फोनमध्ये पाहिलं तर तिनोसवर तो आग्नेयेला. आणि हा किनारा दक्षिणेकडे उघडणारा, म्हणून तिथेही तोंड समुद्राकडेच आलं. चटई अंथरून आम्ही तिघांनी कसरचे दोन रकात पढले. म्हातारी तोवर शांत बसून राहिली.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी सेहरीला उठले. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, “आज कसला रोजा गं?” मी म्हटलं, “तीन राहिलेत.” त्यांनी काही न विचारता चहा टाकला.